पांढऱ्या पॅडचा व्होल्टेज ड्रॉप अखेर सापडला

पांढरा पॅड परत आला. एप्रिलमध्ये सेलच्या खाचेतल्या स्प्रिंगा ताणून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून आणि झाकणाला फोम लावून दिलेला, एक्सबॉक्स वन या गेम कन्सोलचा तोच पॅड, म्हणजे कंट्रोलर. मे महिनाभर मुलांनी तो रगडून वापरला आणि एकदाही तक्रार आली नाही. मिरग लागला, पावसाने झड धरली आणि पुन्हा तेच: खेळता खेळता पॅड अचानक बंद. शेजारचा पोरगा तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, "दादानू, गोल मारूक गेलंय काय रिमोट मरता."

निदानाच्या दृष्टीने हे वाक्य लाखमोलाचं आहे. गोलच्या क्षणी रंबल (पॅडची थरथर) चालू होतो, मोटर करंट ओढते आणि पॅड त्याच क्षणी पडतो. म्हणजे इथे रेडिओचा काही संबंध नाही. नव्याने आलेल्यांसाठी पुन्हा सांगतो: सिग्नल तुटला तर पॅडचा दिवा लुकलुकत राहतो, कारण पॅड जिवंत असतो आणि कन्सोल शोधत असतो. सेलचा संपर्क तुटला तर दिवा थेट विझतो आणि बटण दाबून पॅड नव्याने चालू करावा लागतो. पंधरा मिनिटं हात न लावल्यावर तो आपला आपण झोपतो, ते वेगळं. पांढऱ्याचा दिवा थेट विझत होता.

तरी खात्री हवी म्हणून सेल काढून टाकले आणि बेंच सप्लायवरून (हवं ते व्होल्टेज देणाऱ्या टेबलावरच्या पुरवठ्यातून) २.४ व्होल्ट थेट दिले. रंबल पूर्ण लावून पॅड तळहातावर आपटला, हलवला, पिळला. काही झालं नाही. सर्किट ठणठणीत आहे आणि रोग सेलच्या खाचेत आहे, हे तिथेच ठरलं.

आता रिचार्जेबल सेलवरच हे का होतं, तेवढं आधी. अल्कलाइन सेल घातले की पांढरा तासन्‌तास चालत होता आणि मुलाच्या बाबांचं म्हणणं होतं की मग तेच वापरू. पण समुद्रकाठच्या घरात अल्कलाइन सेल विसरून आत राहिला की गळतो, पांढरी पूड धरते आणि खाच कायमची जाते. शिवाय खर्च वेगळाच. मला हा पॅड रिचार्जेबलवरच चालवायचा होता.

एए सेलचं माप ठरलेलं असतं असं आपण धरून चालतो, पण त्या मापात बरीच ढील आहे. लांबी ४९.२ ते ५०.५ मिमी आणि जाडी १३.५ ते १४.५ मिमी, या मर्यादेत काहीही चालतं. मुलाकडचे रिचार्जेबल व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजले तर लांबी ४९.६ भरली. त्याच खाचेत नीट चालणारा अल्कलाइन ५०.३. पाऊण मिलिमीटरचा फरक. स्प्रिंगचा दाब तेवढा कमी होतो आणि जाडी कमी असल्यामुळे सेल आडवाही हलतो. त्यात अल्कलाइनचे १.५ व्होल्ट आणि याचे १.२, म्हणजे दोन सेलमध्ये मिळून ०.६ व्होल्टची शिल्लक आधीच गेलेली. आणि रिचार्जेबल सतत काढावे-घालावे लागतात. प्रत्येक वेळी सेलची टोपी (धन टोकाचा उंचवटा) पत्र्यावर घासते.

हे सगळं एप्रिलमध्येही माहीत होतं, म्हणून स्प्रिंगांवर काम केलं होतं. या वेळी दाब सोडून ड्रॉप, म्हणजे सांध्यात वाया जाणारं व्होल्टेज, मोजायला बसलो. पद्धत सोपी आहे आणि सगळ्यांनी करून बघावी. मीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा. एक प्रोब सेलच्या टोपीला, दुसरा ती टोपी ज्या पत्र्याला टेकते त्या पत्र्याच्या लांबच्या टोकाला. रंबल चालू करायचा. मीटर जे दाखवेल ते सगळं त्या सांध्यात वाया चाललंय. दोन सेलचे मिळून चार सांधे, चारही असेच मोजायचे.

दोन्ही स्प्रिंगांच्या बाजूला ८ आणि ११ मिलिव्होल्ट, उत्तम. एका टोपीला १५. आणि दोन सेलना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर, जिथे दुसऱ्या सेलची टोपी टेकते तिथे, २३० ते २६० मध्ये आकडा नाचत होता. पॅडला टिचकी मारली की ४०० च्या वर जाऊन दिवा विझायचा. रंबलला २०० मिलिअँपच्या आसपास करंट जात असेल तर त्या एका सांध्याचा रोध एक ओहमच्या वर आहे. जिथे जवळजवळ शून्य हवा तिथे एक ओहम!

भिंग लावलं. पट्टीच्या मधोमध, टोपी टेकते तिथे, मोहरीच्या अर्ध्याएवढा काळपट ठिपका. टूथपिकने खरवडला तर तांबूस पूड निघाली. वरचा निकेलचा मुलामा गेलेला आणि खालचं लोखंड उघडं पडलेलं. रंबलमुळे टोपी त्या एकाच जागी सूक्ष्म घासत राहते, मुलामा झिजतो, खारी हवा आत शिरते, गंजाची पूड तिथेच दबून बसते आणि तीच पूड पुढे घासायचं काम करते. उन्हाळ्यात ती कोरडी असते आणि दाबाखाली कशीबशी निभावते. आमच्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे हा ठिपका कसा टिकणार? एप्रिलचं पुसणं का पुरलं नाही तेही कळलं. आयपीए तेल-घाण काढतं, गंज काढत नाही.

मग दुरुस्तीचा प्रश्न, आणि खरा वेळ तिथे गेला. बऱ्याच जणांचा आवडता उपाय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घडी. माझा त्याला ठाम विरोध आहे. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर आपोआप चढतो, तो वीज अडवतो, आणि खाऱ्या दमटपणात निकेल-लोखंडाला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने कुजतं. पुण्यात कदाचित वर्षभर चालेल. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर एक पावसाळा निघणार नाही. पट्टीवर सोल्डरचा थेंब चढवणं हाही उपाय सुचवला जातो. पण सोल्डरमधलं टिन मऊ, घासण्यात त्याचाही ऑक्साइड होतो, आणि घासणं हाच तर इथला मूळ रोग.

एकाने कोकमाचं आगळ सुचवलं होतं, पितळेची भांडी उजळतात म्हणून. आगळात मीठ असतं. ते इलेक्ट्रॉनिक्सजवळ नेऊ नका. अल्कलाइनच्या गळतीची पांढरी पूड असेल तर पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या काडीवर, मग साधं पाणी, मग आयपीए. एवढं पुरतं.

मी ठरवलं ते असं: पट्टीवर निकेलची नवीन चकती बसवायची. बॅटरी पॅक बांधणारे सेल जोडायला वापरतात ती ०.१५ मिमीची निकेल पट्टी. शुद्ध निकेल गंजत नाही, टोपीवरही निकेलच असतं, त्यामुळे धातूंचं भांडण नाही. अडचण खरेदीची. ऑनलाइन 'शुद्ध निकेल' म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड असतं. लोहचुंबकाने फरक कळत नाही, कारण निकेलही चुंबकाला चिकटतं. परीक्षा एकच: पट्टीवर खोल ओरखडा काढायचा आणि मिठाच्या पाण्यात टाकायची. आपल्याला मीठ विरघळवायचीही गरज नाही. चिवल्याच्या किनाऱ्यावरून बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं, दोन वाट्या भरल्या. एकीत ऑनलाइन मागवलेली पट्टी, दुसरीत गणपतीला आलेल्या चुलतभावाने गेल्या वर्षी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली. सकाळी ऑनलाइनवालीच्या ओरखड्यात नारिंगी रेघ उमटलेली. लॅमिंग्टन रोडवाली आजही त्या वाटीत आहे, चकाकत. विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर नाही. यापुढे निकेल दुकानात जाऊनच घ्यायचं किंवा जाणाऱ्याकडून मागवायचं.

आता काम. पॅडला टी८ चे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) मधे भोक असलेले स्क्रू असतात, आणि त्यातला एक सेलच्या खाचेतल्या लेबलखाली लपलेला असतो. दोन सेल जोडणारी आडवी पट्टी प्लास्टिकच्या खाचेतून सरकवून पूर्ण बाहेर घेतली. आत ठेवून सोल्डरिंगची इस्त्री टेकवली की प्लास्टिक वितळतं आणि पुढे पट्टी कायम तिरकी बसते. गंज फायबरग्लासच्या घासायच्या पेनाने काढला, पॉलिश पेपरने नाही, तो उरलेला मुलामाही नेतो. निकेलचा तुकडा ५ मिमी रुंद कापला. ही रुंदी महत्त्वाची आहे. ही निकेल पट्टी ८ मिमीची आहे आणि तशीच बसवली तर टोपीच्या बाजूच्या खांद्याला टेकू शकते. रिचार्जेबलमध्ये तो खांदा म्हणजे सेलचं ऋण टोक आहे, वर फक्त पातळ प्लास्टिक. ते प्लास्टिक फाटलं की थेट शॉर्ट.

तुकडा दुहेरी दुमडून मधे बोथट खिळ्याने किंचित उंचवटा काढला. दुमडीमुळे थोडी स्प्रिंग येते आणि पाऊण मिलिमीटरची ढीलही बरीचशी भरून निघते. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो), माझी जुनी २५ वॉटची सोल्ड्रॉन, आणि फक्त खालच्या कडेला सोल्डर, म्हणजे वरची घडी मोकळी राहते. ही इस्त्री स्वस्त आहे, तापायला वेळ घेते, पण असल्या पत्र्याच्या कामाला तिची उष्णता मला महागड्या स्टेशनपेक्षा बरी वाटते. उरलेला फ्लक्स आयपीएने दोनदा धुतला.

पट्टी बसवली, तेच रिचार्जेबल घातले, मीटर लावला. १३ मिलिव्होल्ट. टिचकी मारली, १३. तळहातावर आपटला, १४. रंबल पूर्ण लावून टेबलावर ठेवला तर पॅड टेबलभर सरकत गेला आणि दिवा तसाच. त्या रात्री मी बराच वेळ नुसता पॅड आपटत बसलो होतो, इतका आनंद झाला.

लिहिता लिहिता एक गोष्ट बदलतोय. माझ्याकडच्या बाकीच्या तीन पॅडनाही आगाऊच निकेल बसवायचं, असा बेत होता. पण मूळ कारण आडवं हलणं आहे. ते थांबलं तर मुलामा झिजणारच नाही आणि इस्त्री लावायची वेळ येणार नाही. म्हणून त्या तिघांना आधी झाकणाचा फोम बदलून बघतो. एप्रिलचा फोम ओलसर होऊन दबला होता. सायकलच्या ट्यूबचा रबर मनात आला होता, पण रबरात गंधक असतं आणि ते तांब्याला, चांदीला काळं पाडतं, म्हणून रद्द. मखराच्या सजावटीसाठी बाजारात मिळते ती २ मिमीची ईव्हीए शीट पाणी पीत नाही. मुलाच्या सेलवर ती बरोबर बसली. जाड सेलवर झाकण फुगलं, तिथे १ मिमी लागेल. नवीन सेल घेणाऱ्यांनी दुकानात व्हर्नियर घेऊन जावं, हे मी गंभीरपणे सांगतोय. कमी सेल्फ-डिस्चार्जवाले (नुसते ठेवले तरी लवकर न उतरणारे), एनेलूपसारखे घ्या, आणि त्यातलेही लांब-जाड निवडा.

१.५ व्होल्टच्या लिथियम रिचार्जेबलबद्दल विचारणा होती. व्होल्टेजची शिल्लक भरून निघते हे खरं, पण ते शेवटपर्यंत १.५ दाखवतात आणि मग एकदम बंद पडतात, त्यामुळे पॅडवरचा बॅटरीचा अंदाज निरुपयोगी होतो. आणि सांध्यावरचा गंज व्होल्टेज वाढवून जात नाही.

पांढरा सध्या घरी गेलाय, स्टीलच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायच्या अटीवर. श्रावण संपेपर्यंत दर रविवारी त्या सांध्याचा ड्रॉप मोजणार आहे. ३० च्या वर गेला तर पट्टी पुन्हा उघडेन. दरम्यान एक डीएस४ (प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर) टेबलावर आलाय. त्यात सेल नाहीत, आतली ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे, आणि मालकाने बदलून घेतलेल्या बॅटरीचा प्लग सॉकेटात सैल आहे. जुन्या आणि नव्या मॉडेलच्या प्लगचं माप वेगळं असतं, तेव्हा आधी मॉडेल नंबर बघतो. कुणाकडे लहान प्लगवाली बॅटरी पडून असेल तर कळवा, मी कुडाळ स्टेशनवर येऊन घेईन.