निसर्ग मंडळात स्वयंसेविका म्हणून एक वर्ष

निसर्ग मंडळात जाऊन तुम्ही नेमकं करता काय, असं ओळखीचे बरेच जण विचारतात. पक्षी बघत फिरणं एवढंच त्यांच्या डोळ्यासमोर असतं. गेल्या पावसाळ्यात मी बडोद्यातल्या एका मंडळात नाव घातलं, त्याला आता वर्ष झालं. इथल्या दांडिया बाजारात वाढलेल्या मला विश्वामित्री नदी पुलावरून जाता-येता दिसायची, तेवढीच ठाऊक होती. ती जवळून कळली ती या वर्षात.

सुरुवात साधी असते. एक फॉर्म, थोडी वर्गणी आणि माहितीची एक बैठक. बोलणं गुजरातीत सुरू होतं आणि चहापर्यंत निम्मं मराठीत येतं. दोन नियम पहिल्याच दिवशी सांगितले गेले. एक, कुठल्याही जनावराला आपण होऊन हात लावायचा नाही. दोन, तारीख, वेळ आणि जागा नसलेली नोंद ही नोंदच नव्हे. दुसऱ्या नियमाची किंमत मला हळूहळू कळत गेली.

पावसाळ्यात सगळं काम मगरींभोवती फिरतं. विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते, भर शहरातून वाहते आणि पुढे ढाढरला मिळते. तिच्या काठच्या बिळांत शेकडो मगरी राहतात. एवढ्या मोठ्या वस्तीतून वाहणाऱ्या नदीत त्या टिकून आहेत, हे मला आपल्या शहराचं मोठं भाग्य वाटतं. नदी फुगली की त्या सोसायट्यांत, नाल्यांत, रस्त्यांवर येतात. 2024 च्या ऑगस्टमधला पूर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मगरीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तिला पकडायचं काम वनखात्याचं आणि त्यांच्यासोबतच्या तयार माणसांचं. माझ्याकडे फोन आणि गर्दी. फोनवर विचारायचं: मगर नक्की कुठे आहे, केवढी आहे, जवळ लहान मुलं किंवा कुत्री आहेत का, फाटक लावता येईल का. जागेवर पोचलं की "भाई, पाछळ रहो, व्हिडिओ पछी" हे पुन्हा पुन्हा म्हणायचं. माणसं मागे सरली की अर्धं काम झालं.

एकदा एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली चारेक फुटांची मगर शिरली होती. जबडा उघडा, अंगावर गाळ, शेपटी मागच्या चाकाला वळसा घालून. पकडायला आलेल्या मुलांनी आधी तिच्या डोळ्यांवर भिजवलेलं पोतं टाकलं. दिसेनासं झालं की ती शांत होते. मग जबडा मिटवून दोरीने बांधला. मगरीच्या जबड्याचा जोर मिटताना असतो. उघडायचे स्नायू फार दुबळे असतात, म्हणून साधी दोरीही पुरते. वरच्या गॅलरीतून एक आजी हात जोडून "जय खोडियार मा" म्हणाल्या. खोडियार मातेचं वाहन मगर. गुजरातेतल्या चरोतर भागातल्या मलातज, देवा या गावांच्या तळ्यांत माणसं आणि मगरी पिढ्यानपिढ्या शेजारी राहतात. त्यामागे ही श्रद्धा केवढी मोठी आहे, हे अशा वेळी उमगतं.

जानेवारीत दोन कामं एकदम येतात. एक म्हणजे आशियाई पाणपक्षी गणना. आपल्याकडे ती 1987 पासून दर जानेवारीत होते. आम्ही डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जातो. गायकवाडी राज्यात शेतीसाठी बांधलेला हा तलाव 2021 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. अंधार सरायच्या आत काठावर पोचायचं. तिघांचा गट असतो: एक दुर्बिणीला, एक मोजायला, एक लिहायला. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात भरून घ्यायचं, आणि तेवढे तेवढे तुकडे थव्यावर पुढे सरकवत न्यायचे. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे काळे ठिपके असे मोजत आलो की वरून दलदल हारीण हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो आणि सगळं पाणी फडफडत उठतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, मात्र वेळ देतात. त्या दोन काळ्या पट्ट्या सकाळच्या उन्हात स्पष्ट दिसतात. हिमालय ओलांडून आलेला पक्षी डभोईच्या शेतात चरतो आणि आपल्यासमोर पाण्यात चोच धुतो, हे बघताना लिहिणाऱ्याचा हात थांबतोच. लांबची बदकं ओळखू आली नाहीत, तर "बदक, ओळख नाही" असं लिहायचं. अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा हा रकाना भरलेला बरा, असं माझं ठाम मत झालं आहे.

दुसरं काम उत्तरायणचं, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांतलं. राज्य सरकारचं करुणा अभियान त्याच दिवसांत चालतं आणि मंडळाची माणसं जखमी पक्ष्यांच्या केंद्रांवर बसतात. हे काम मला सर्वांत जड गेलं. काच लावलेला मांजा पंखाच्या सांध्यात रुततो. तो ओढून काढायचा नाही. दोन्ही बाजूंनी कापायचा, आतला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच ठेवायचा. पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचं. चोचीत पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. खोक्यावर चिठ्ठी: कुठे सापडला, किती वाजता. घारी, कबुतरं, काळे शराटी, ढोकरी, सगळे येतात. पक्षी पहाटे निघतात आणि संध्याकाळी परततात. निदान त्या दोन वेळांना पतंग खाली ठेवावेत, हे मी आता आमच्या गच्चीवर न संकोचता सांगते.

मधल्या काळात कमाटीबागेतल्या संग्रहालयात शाळेच्या मुलांना निळ्या देवमाशाचा सांगाडा दाखवणं, वाळवलेल्या रोपांच्या चिठ्ठ्या लिहिणं असली कामंही असतात.

उन्हाळ्यात नजर पुन्हा नदीकडे. मादी मार्चच्या सुमारास काठावर खड्डा करून अंडी घालते, पाऊस यायच्या आत पिल्लं बाहेर येतात. आतून पिल्लांचा आवाज आला की ती स्वतः माती उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. त्या महिन्यांत काठावर कुठलंही यंत्र चाललं, तर घरटं कुणाच्या लक्षातही न येता जातं. म्हणून काठाचं कसलंही काम काढण्याआधी घरट्यांच्या जागा पाहिल्या गेल्याच पाहिजेत, आणि त्या दाखवायला जुन्या, नीट लिहिलेल्या नोंदी हाताशी असल्या पाहिजेत. तारीख, वेळ, जागा हा पहिल्या दिवशीचा नियम त्यासाठीच होता.

येत्या हंगामात मी काठाच्या नोंदी घेणाऱ्या गटात आहे. अजून माणसं हवी आहेत. पोहता येण्याची गरज नाही, आम्ही पाण्यात उतरतच नाही. मळकट रंगाचे कपडे, पायात बूट, एक वही आणि रविवारची पहाट मोकळी ठेवायची तयारी, एवढं पुरतं.