सालामांका टाळून

दफनभूमीच्या फाटकाशी गाडी थांबताच मार्गदर्शकाने पंचवीस मिनिटांत परत येण्यास बजावले, आणि माझा पारा चढला. ज्या कबरीसाठी मी ग्वानाहुआतो शहरातून ही एका दिवसाची सहल घेतली होती, तिच्या वाट्याला पंचवीस मिनिटे आली होती. त्याआधी रंगीत मातीची भांडी विकणाऱ्या एका दुकानात मात्र आम्हाला चांगली पन्नास मिनिटे बसवून ठेवले होते. अठरा दिवसांच्या मेक्सिको प्रवासात मी कुणावर आवाज चढवला असेल तर तो याच वेळी. बाकीचे सहप्रवासी घड्याळाकडे पाहू लागले तेव्हा मी त्यांना माझ्यावाचून निघून जाण्यास सांगितले आणि गाडी जाऊ दिली. परतीची बस कुठून सुटते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

दोलोरेस हिदाल्गो हे गाव मेक्सिकन माणसाला शाळेपासून ठाऊक असते, कारण १६ सप्टेंबर १८१० रोजी येथील धर्मगुरू मिगेल हिदाल्गो यांनी स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठावाची हाक दिली. मी आले होते ती मात्र होसे आल्फ्रेदो हिमेनेस या गीतकार-गायकासाठी. पुण्यात स्पॅनिश शिकत असताना आमच्या बाई उच्चार सुधारावेत म्हणून त्यांची गाणी लावीत. क्रियापदांची रूपे मी केव्हाच विसरले. गाणी तेवढी राहिली.

त्यांची कबर लांबूनच दिसते, कारण तिच्यावर एक अवाढव्य सोम्ब्रेरो, म्हणजे रुंद काठांची मेक्सिकन टोपी, उभारलेली आहे आणि तिच्या बाजूने रंगीबेरंगी सारापे, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची घोंगडी, लाटेसारखी पसरत गेली आहे. ही घोंगडी चिनीमातीच्या तुकड्यांची असून तिच्या पट्ट्यांवर त्यांच्या गाण्यांची नावे आहेत. त्यांचे जावई, वास्तुविशारद हाविएर सेनोसियान यांनी ही रचना केली. छायाचित्रांत मला ती भडक वाटली होती आणि प्रत्यक्षातही ती भडकच आहे. पण आजूबाजूच्या फिकट क्रॉसांमध्ये ती पाहताना मला हसू आले, आणि दफनभूमीत हसू आल्याचा संकोच वाटला नाही.

ज्या माणसाची ही कबर आहे त्याला कोणतेही वाद्य वाजवता येत नव्हते, स्वरलिपी तर दूरच. १९ जानेवारी १९२६ रोजी याच गावात त्यांचा जन्म झाला. वडील औषधांचे दुकान चालवीत. ते वारल्यावर कुटुंब राजधानीत आले. होसे आल्फ्रेदो तेथे ला सिरेना नावाच्या उपाहारगृहात वेटर होते आणि फुटबॉलमध्ये गोलरक्षक. चाल सुचली की ते ती गुणगुणत किंवा शिटीवर वाजवीत, आणि रुबेन फुएन्तेस यांच्यासारखे जाणकार संगीतकार तिला मारियाची वाद्यमेळाचा साज चढवीत. १९५० मध्ये आंद्रेस उएस्का यांनी त्यांचे ‘यो’ गायले आणि नंतर होर्हे नेग्रेते, पेद्रो इन्फान्ते, लोला बेल्त्रान, चावेला वार्गास अशा सगळ्यांनाच त्यांची गाणी हवीशी झाली. रान्चेरा हा मुळात रांगडा, गावाकडचा गीतप्रकार. त्यात या वेटरने शहरातल्या दारूच्या गुत्त्यावर बसलेला, हरलेला आणि तरीही ताठा न सोडणारा पुरुष आणला. तो गुत्ता केवळ कल्पनेतला नव्हता. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, यकृताच्या विकाराने ते गेले.

उन्हात सावली शोधत मी उभी असताना एक म्हातारे गृहस्थ सात-आठ वर्षांच्या नातीला घेऊन आले. त्यांचा जुना खेळ असावा, कारण काही न बोलता तो सुरू झाला: मुलगी घोंगडीवरच्या एखाद्या नावावर बोट ठेवी आणि आजोबा त्या गाण्याची पहिली ओळ म्हणत. त्यांचा आवाज चांगला नव्हता, दातही पुरते नव्हते, पण एकदाही ते अडखळले नाहीत. एका गाण्याला मी नकळत ठेका धरला तेव्हा त्यांनी मला मानेनेच जवळ बोलावले. मग मुलीने कबरीवरच्या एका वाक्यावर बोट ठेवले. ‘आयुष्याला काही मोल नाही’ अशा अर्थाचे ते वाक्य ‘कामिनोस दे ग्वानाहुआतो’ या गाण्यातले आहे, आणि हे गाणे आजोबांनी पहिल्या ओळीवर न थांबता पुढे म्हणायला घेतले.

त्या गाण्यात ग्वानाहुआतो प्रांतातल्या वाटा येतात: लेओन शहर, कुबिलेते डोंगरावरचा ख्रिस्त, सांता रोसाचा घाट, ज्यातून वळणे घेत मी त्याच सकाळी आले होते, आणि शेवटी टेकडीपलीकडे दिसणारे हे गाव. मधल्या एका कडव्यात गाणारा वाटेला विनवतो, की सालामांकावरून जाऊ नकोस, तिथली आठवण मला सलते. होसे आल्फ्रेदोंचा भाऊ सालामांकात वारला होता. आजोबा त्या कडव्यापाशी आले, गप्प राहिले, बोटांनी ठेका तेवढा चालू ठेवला आणि पुढच्या कडव्यापासून पुन्हा गाऊ लागले. मुलीने वर पाहिले नाही, म्हणजे तिला हे नेहमीचे असावे. का, हे विचारण्याइतके स्पॅनिश मला येत होते. मी विचारले नाही.

त्यानंतरचा दिवस चटकन संपला. होसे आल्फ्रेदोंच्या जन्मघराचे आता संग्रहालय झाले आहे. ते मी पाहिले, परंतु काचेआडच्या वस्तूंत मन लागले नाही. चौकात कोळंबीचे आणि तळलेल्या डुकराच्या कातडीचेही आइस्क्रीम मिळते. कोळंबीचे मी चमचाभर चाखले आणि विक्रेत्याच्या हसण्यावरून कळले, की परदेशी बाईचे तोंड वाकडे झालेले पाहणे हा त्याचा रोजचा विरंगुळा आहे. निवडुंगाच्या फळाचे मात्र उत्तम होते. ज्या बसच्या काळजीने मी दिवसभर धास्तावले होते, ती विचारताच सापडली आणि सहलीच्या गाडीपेक्षा ऐसपैस निघाली.

दोन दिवसांनी आम्ही मोरेलियाला निघालो. खिडकीतून तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या दिसू लागल्या तेव्हा शेजारच्या बाईंना मी गावाचे नाव विचारले. सालामांका, त्या म्हणाल्या. सकाळपासून मी तेच गाणे गुणगुणत होते. चिमण्या मागे पडेपर्यंत मी ते थांबवले.