मठाला जमीन द्यायची तर राजाची परवानगी: 1279 चा मोर्टमेन कायदा

इंग्लंडमधल्या राजा आणि चर्चच्या भांडणाचा विषय निघाला की बहुतेक जण 1164 च्या क्लॅरेंडनच्या 16 कलमांवर, म्हणजे चर्चचे अधिकार आवरायला राजा हेन्री दुसऱ्यानं मांडलेल्या नियमांवर, आणि 1170 साली कँटरबरीत झालेल्या तिथल्या आर्चबिशप थॉमस बेकेटच्या खुनावर थांबतात. गुन्हा केलेल्या पाद्र्याला शिक्षा कोणी करायची, हा वाद तिथं गाजला. त्याच कलमांतलं नववं कलम मात्र जमिनीचं आहे. एखादी जमीन धर्मादाय की साध्या खातेदाराची, हे 12 जाणत्या माणसांच्या सांगण्यावरून राजाचा न्यायाधीश ठरवेल, असं ते म्हणतं. माझ्या मते खरी ओढाताण इथंच होती, आणि फेरफार, वारसान नोंद, धुऱ्याचे वाद ज्यानं जवळून पाहिले त्या आपल्या वऱ्हाडातल्या कास्तकाराला ती लवकर कळेल.

त्या काळी राजाकडून सरदारानं, सरदाराकडून खालच्या माणसानं, अशी जमीन उतरंडीनं धरलेली असे. वरच्याची मोठी कमाई व्हायची ती खालचा मेला की. वारस सज्ञान असेल तर ताबा घेताना त्यानं नजराणा द्यायचा. नाइटच्या, म्हणजे घोडेस्वार लढवय्याच्या, पूर्ण जहागिरीला 100 शिलिंग, हा आकडा मॅग्ना कार्टानं, म्हणजे राजाच्या हक्कांना मर्यादा घालणाऱ्या 1215 च्या सनदेनं, बांधून दिलेला. अशा जहागिरीचा वारस अज्ञान असेल तर मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंत उत्पन्न वरच्याचं, शिवाय त्याचं लग्न ठरवायचा हक्कही वरच्याचाच. वारसच नसला, किंवा खातेदार गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, तर जमीन वरच्याकडे परत.

मठ मात्र मरत नाही, अज्ञान नसतो, लग्न करत नाही, फासावर जात नाही. जमीन एकदा मठाकडे गेली की ही सगळी आमदनी कायमची बुडाली. काही लोक तर जमीन मठाला दान करायचे आणि त्याच मठाकडून परत धरायचे, म्हणजे जुना धनी आपोआप बाजूला पडायचा. या प्रकाराला मॅग्ना कार्टाच्या 1217 च्या आवृत्तीतच मनाई झाली होती, पण गळती थांबली नाही.

मठाच्या अशा न सुटणाऱ्या ताब्यालाच मोर्टमेन, म्हणजे ‘मेलेला हात’, म्हणत. राजा एडवर्ड पहिल्यानं त्याविरुद्ध 1279 साली केलेल्या कायद्याची धार त्याच्या मुदतींत आहे. मठाकडे जमीन गेली, तर लगतच्या वरच्या धन्यानं 1 वर्षात ती ताब्यात घ्यावी. त्यानं हयगय केली तर त्याच्या वरच्याला आणखी 6 महिने. असं करत कोणीच हललं नाही, तर जमीन राजाची. लक्ष ठेवायला वेगळा अंमलदार नेमायची गरजच उरली नाही, कारण ज्याचं नुकसान त्यालाच जमीन मिळणार होती.

पळवाटा निघाल्याच. पहिली खोट्या दाव्याची: मठानं दात्यावर दावा लावायचा, दात्यानं तारखेला हजरच व्हायचं नाही, आणि कोर्टाच्या हुकमानं जमीन मठाला. हे तर दान नव्हे, निकाल! 1285 च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्यानं हे छिद्र बुजवलं. प्रतिवादी गैरहजर असला तरी मठाचा हक्क मुळात खरा होता का, याची ज्यूरीनं, म्हणजे शपथ घेतलेल्या स्थानिक माणसांनी, चौकशी करायची. दुसरी वाट जास्त हुशारीची. जमीन चारदोन विश्वासू माणसांच्या नावावर ठेवायची आणि उत्पन्न मठानं खायचं. ती बंद व्हायला 1391 उजाडलं. त्याच वेळी धार्मिक मंडळं, व्यापारी संघ आणि नगरंही कायद्याखाली आली, कारण तीही मरत नाहीत.

राजाला दान पुरतं थांबवायचं होतं, असं मात्र मला वाटत नाही. थोड्याच वर्षांत रीतसर परवान्याची पद्धत बसली. दात्यानं अर्ज करायचा. राजाच्या कचेरीतून त्या परगण्याच्या अंमलदाराला हुकूम जायचा. तो गावच्या माणसांची ज्यूरी बसवून विचारायचा: जमीन कोणाकडून धरलेली, सेवा काय लागते, वर्षाचं मोल किती, राजाचं किंवा इतर कोणाचं नुकसान होतं का, आणि दान केल्यावर दात्याकडे आपली देणी भागवण्याइतकं उरतं का. शिक्के मारलेला जबाब परत गेला, रक्कम भरली, की परवाना. मोल कमी सांगायची खोड इथंही होतीच. मोठे मठ पुढं वर्षाला ठरावीक पौंडांच्या उत्पन्नापर्यंतचा एकठोक परवाना घेऊन ठेवत आणि घेतलेली जमीन त्यातून वजा होत जाई.

आपल्याकडच्या देवस्थानच्या वावराशी ताडून पाहिलं तर उलट चित्र दिसतं. देवसुद्धा मरत नाही, त्यामुळे त्याची वारसान नोंद कधी होत नाही. पण आपला कायदा ती जमीन देवाकडून निसटू नये म्हणून झटतो. महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 नुसार विक्री, अदलाबदल, बक्षीस, किंवा शेतजमिनीचा 10 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. पुजाऱ्याचं नाव मालकाच्या रकान्यात हवंच, हा दावा सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या प्रकरणात 2021 साली मान्य केला नाही. मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. इंग्लंडनं दार आत येताना अडवलं, आपण बाहेर जाताना अडवतो. तिकडचे मोर्टमेनचे कायदे शेवटी 1960 च्या धर्मादाय कायद्यानं रद्द झाले. आपलं कलम 36 आजही लागू आहे, आणि देवस्थानच्या वावराचा सौदा करणाऱ्यानं पटवाऱ्याकडे जायच्या आधी ही परवानगी कागदावर पाहिलीच पाहिजे.