तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं रॅममध्येच का?

‘अजून ते पप्पी लिनक्सच वापरतोस? एसएसडी टाक की!’ घरी येणारा प्रत्येक जण हे म्हणतो. पप्पी म्हणजे पेन ड्राइव्हवरूनही चालणारी छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम, एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. तर एकदाचं ऐका.

मशीन २००९चं, रॅम (वीज असेपर्यंतच लक्षात ठेवणारी मशीनची तात्पुरती स्मृती) ४ जीबी. हार्ड डिस्क टकटक करत मेली तेव्हा खिशात पैसे नव्हते, म्हणून पेन ड्राइव्हवर फॉसापप, म्हणजे पप्पीचीच एक आवृत्ती, घेतलं. सारा मामला ४०० एमबीच्या आसपास. सुरू होतानाच सिस्टिम अख्खी रॅममध्ये चढते, मग डिस्कची वाट बघणं नाही. ‘वेगासाठी’ असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे आधी नाइलाज होता, वेगाची चटक नंतर लागली. आणि चटक लागल्यावर माणूस शहाणपणा करतो.

पप्पी दर अर्ध्या तासाने रॅममधले बदल पेन ड्राइव्हवर उतरवतं. तेवढ्यात मशीन दोन-चार सेकंद अडखळायचं. मला ते खुपायला लागलं. सेटिंगमध्ये जाऊन ३०च्या जागी शून्य टाकलं. शून्य म्हणजे आपणहून काही उतरवायचं नाही. डेस्कटॉपवरचं ‘सेव्ह’ दाबाल तेव्हाच, नाहीतर बंद करताना. पेन ड्राइव्ह कमी झिजतो, असंही स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही.

त्या वैशाखात आत्या आठ दिवस राहायला आली होती. दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून जात्यावरच्या ओव्या सांगायची, मी टाइप करायचो. त्या दिवशी तिला अशी लय लागली की चहा निवून साय धरली. एकसष्ट ओव्या झाल्या. प्रत्येक ओवीनंतर मी कंट्रोल एस दाबत होतो, हे आवर्जून सांगतो, कारण ‘सेव्ह नाही का केलंस?’ हाच पुढचा प्रश्न असतो. केलं होतं. पण फाइल ज्या फोल्डरमध्ये जात होती तो फोल्डरच रॅममध्ये होता.

वळिवाचा पाऊस आला, लाइट गेली. यूपीएसची बॅटरी बदलायची राहिली होती.

आत्याला काय झालं ते समजेना. म्हणाली, ‘मघाशी सांगितल्या ना सगळ्या?’ रात्री कंदिलाशी पुन्हा बसलो, या वेळी वहीत. बावीस आल्या. त्यातल्या काही दुपारच्या नव्हत्याच. ‘जात्यावर बसलं की येतात रे, अशा मागून येत नाहीत.’

यात पप्पीचा दोष नाही. सेव्हचं चित्र समोरच होतं. मग दोष माझा? शून्य मीच टाकलं, हो. पण ३० असतं तरी शेवटच्या अर्ध्या तासातल्या ओव्या गेल्याच असत्या.

ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की ४ जीबी गुदमरते आणि एसएसडीवर तेवढ्यापुरतं काम सुखाचं झालं असतं, हेही मला कळतं. तरी फाइल मॅनेजरवर क्लिक केल्याबरोबर खिडकी समोर उभी राहते, तेव्हा मन हटत नाही.

सेव्ह आता हाताने दाबतो, दर ओळीला. सेटिंगमध्ये अजून शून्यच आहे.