सात टक्क्यांच्या पुढचा सव्वा तास

आंबा संपला की गुहागरात माझं खरं काम सुरू होतं. कोणी किती पेट्या नेल्या, किती पैसे आले, किती बुडणार. यंदा जूनच्या पहिल्याच पावसात लाईट गेली आणि लॅपटॉपने रंग दाखवला. तासाभरात शंभरावरून पस्तीस, दीड तासात पाच टक्के, आणि स्वतःहून झोपला. चिपळूणच्या दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, "बॅटरी गेली. साडेचार हजार."

पैसे टाकण्याआधी कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा दिली. एक फाईल तयार झाली. डिझाईन कपॅसिटी, म्हणजे नवी असतानाची क्षमता, 41,040; फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आताची, 19,380. बॅटरीवरच्या स्टिकरवर मात्र 3600 लिहिलेलं! तासभर मी रिपोर्टलाच खोटं ठरवत होतो. मग लक्षात आलं, स्टिकरवर मिलिअँपिअर-तास आहेत आणि रिपोर्टमध्ये मिलिवॉट-तास. 3600 गुणिले 11.4 व्होल्ट, झाले 41,040. आकडा बरोबर, एकक वेगळं.

पण 19,380 चं काय? बॅटरी ही विहीर आणि चार्ज हे पाणी धरलं, तर बॅटरीच्या आतली चिप पाणी मोजत नाही, पोहरे मोजते. रहाटाने किती काढले, किती ओतले, याची नुसती मोजदाद. दर पोहऱ्याला थोडी चूक होते, आणि ती दुरुस्त होते विहीर तळाला किंवा काठाला लागली की. मधल्या पल्ल्यात व्होल्टेज फारसं हलत नाही, त्यामुळे तिथे चिपला अंदाज येत नाही. मी तर बॅटरी टिकावी म्हणून दोन वर्षं 80 टक्क्यांची मर्यादा लावून लॅपटॉप कायम अ‍ॅडॅप्टरवर ठेवलेला. बॅटरीसाठी ते चांगलंच, पण बिचाऱ्या चिपने ना काठ पाहिला ना तळ.

आधी टचपॅड वर आलाय का, बूड फुगलंय का ते पाहिलं. फुगलेल्या बॅटरीवर हा उद्योग करायचा नसतो. मग मर्यादा काढली, पूर्ण चार्ज करून दोन तास तसाच ठेवला आणि पिन काढून हिशोबाला बसलो. सात टक्क्यांवर शटडाऊन केला, कारण पाचवर विंडोज झोपवतंच, तळ लागत नाही. पुन्हा सुरू करताना एफ-टू दाबून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या, पडद्यावर सोडून दिला. दहा मिनिटांत विझेल म्हणून चहा टाकला. चहा झाला, भांडी झाली, आई म्हणाली, "अरे, याची सात टक्के म्हणजे द्रौपदीची थाळी आहे." सव्वा तास चालला! तिथेच कळलं की बॅटरी नाही, मोजणी गेलेली.

पाच तास थंड ठेवून रात्री अकराला चार्जिंगला लावला. चार्जिंगही एका दमात व्हावं लागतं. सव्वाबाराला कडाड आवाज, डिओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला. लॅपटॉप 62 वर. सकाळी लाईट आल्यावर चार्ज पूर्ण करून रिपोर्ट काढला, तर आकडा जेमतेम 21,500. वायरमनला विचारलं, आज रात्री लाईट राहील का? "पावसाला विचारा, भाऊ."

शेवटी शेजारच्या काकांच्या होमस्टेवर गेलो. त्यांच्याकडे इन्व्हर्टर, आणि जूनमध्ये पाहुणे कुठले? सगळं पहिल्यापासून केलं. "चार्ज करायला आलास की मुक्कामाला?" काकांनी तिसऱ्या चहाला विचारलं. मध्ये दोनदा लाईट गेली, पण चार्जिंग तुटलं नाही.

नवा आकडा 33,060. म्हणजे मूळच्या ऐंशी टक्के. बाकीची वीस खरोखरच झिजलीत, ती कुठल्याही उपायाने परत येत नाहीत. मर्यादा पुन्हा 80 वर लावली. सारखं तळाला नेणंही बॅटरीला मानवत नाही, म्हणून हा खटाटोप आता आकडे पुन्हा बिघडले तरच.

परवा दुकानदाराचा फोन, "बॅटरी मागवू ना?" म्हटलं, पुढच्या आंब्याला बघू.