स्टोन माउंटन: आई-बाबांना डोंगर दाखवताना

मे ते सप्टेंबर हा अटलांटातल्या मराठी घरांत आई-बाबांचा हंगाम. कोकाकोलाचं म्युझियम, मत्स्यालय, लिलबर्नचं स्वामिनारायण मंदिर आणि एक दिवस स्टोन माउंटन, ही यादी बहुतेक घरांत ठरलेली असते. डोंगरापुढच्या हिरवळीवर फोटो निघतो, मागे कड्यावर तीन घोडेस्वार. "कोण रे हे?" बाबा विचारतात. "इथले कुणीतरी जनरल," असं उत्तर देऊन आपण पाण्याची बाटली पुढे करतो.

तिघांतला एक तर इथे जनरल म्हणून नाहीच. सर्वांत पुढे आहे जेफरसन डेव्हिस, अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष. मधला रॉबर्ट ई. ली आणि शेवटचा 'स्टोनवॉल' जॅक्सन हे त्याचे सेनापती. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात ही बाजू लढली ती गुलामगिरी टिकवण्यासाठी, आणि हरली. या डोंगरावर तिघांपैकी एकानेही लढाई केलेली नाही. जॅक्सन तर 1863 मध्येच मेला.

मग ते इथे आले कसे? 1915 च्या नोव्हेंबरमध्ये विल्यम सिमन्स नावाच्या माणसाने याच माथ्यावर क्रूस पेटवून कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणारी संघटना पुन्हा उभी केली. कॅरोलाइन हेलन प्लेन या बाईंनी शिल्पाची कल्पना लावून धरली होती. त्यात क्लॅनचे लोकही कोरावेत, असंही त्यांनी शिल्पकाराला सुचवलं होतं. तेवढं झालं नाही. गट्झन बोर्गलमने 1923 मध्ये काम सुरू केलं, 1924 च्या जानेवारीत लीच्या डोक्याचं अनावरण झालं आणि 1925 मध्ये भांडण होऊन तो निघून गेला. पुढे माउंट रशमोरवर अमेरिकेच्या अध्यक्षांचे चेहरे कोरणारा तो हाच. नंतर आलेल्या ऑगस्टस ल्युकमनने त्याचं काम सुरुंग लावून उडवलं आणि नव्याने आरंभ केला. 1928 मध्ये करार संपला, पैसे संपले, आणि काम छत्तीस वर्षं तसंच लोंबकळत राहिलं.

जॉर्जिया सरकारने डोंगर विकत घेतला 1958 साली, म्हणजे युद्ध संपून 93 वर्षं झाल्यावर आणि शाळांतली वर्णभेदी विभागणी बेकायदा ठरून चार वर्षं झाल्यावर. ती चार वर्षं लक्षात घेतली की हे स्मारक कुणाला बजावण्यासाठी पुरं केलं ते कळतं. 1963 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन लूथर किंग यांनी या डोंगराचं नाव घेतलं: जॉर्जियाच्या स्टोन माउंटनवरूनही स्वातंत्र्याचा नाद घुमू दे. पुढच्याच वर्षी कड्यावर पुन्हा काम सुरू झालं. लोकार्पण 9 मे 1970 ला, काम पूर्ण 1972 मध्ये.

आणि मग तो कायदा. हे शिल्प कधीही बदलायचं नाही, हटवायचं नाही, झाकायचं नाही, कोणत्याही प्रकारे दिसेनासं करायचं नाही, असं जॉर्जियाच्या कायद्यात लिहिलेलं आहे. 2001 मध्ये दक्षिणी बंडखोरांचं चिन्ह असलेला राज्याचा झेंडा बदलताना झालेली ही तडजोड. म्हणजे खालून वेल चढवून झाकायचीही सोय नाही! आपल्याकडे सरकार बदललं की रस्त्याची पाटी बदलते, म्हणून आपण नाकं मुरडतो. पण पाटी बदलता तरी येते.

आता कारागिरीचं बोलू, कारण ती खरंच थक्क करणारी आहे आणि तसं म्हणताना अवघडायला होतं. शिल्प 190 फूट रुंद, 90 फूट उंच, जमिनीपासून 400 फुटांवर. खालून ते टपाल तिकिटासारखं दिसतं, कारण डोंगरच प्रचंड आहे. घोड्याच्या तोंडात माणूस उभा राहू शकतो. शेवटच्या टप्प्यात छिन्नी-हातोडा जवळजवळ नव्हताच, होता थर्मोजेट टॉर्च: रॉकेलसारखं इंधन दाबाखाली पेटवून झोत दगडावर धरायचा. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ तापलं की झटकन फुगतं, शेजारचे कण तितके फुगत नाहीत, त्यामुळे वरचा थर पापुद्र्यासारखा ताडताड उडतो. झोत एका जागी जास्त वेळ राहिला तर खड्डा पडतो आणि तो भरून काढता येत नाही, म्हणून हात सतत फिरता लागतो. मुख्य कारागीर रॉय फॉकनर या झोताने दिवसाला टनावारी दगड उतरवत असे. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये असं क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. तिथे हा झोत फारसा चालला नसता. वेरूळचं कैलास लेणं छिन्नीनेच व्हायचं होतं. नीट पाहिलंत तर घोड्यांचे पाय दिसणार नाहीत. ते कोरलेच नाहीत, खाली नुसता कडा आहे. दुर्बीण न्या. शिल्प उत्तरेच्या अंगाला असल्याने हिवाळ्यात दिवसभर सावलीत असतं आणि फोटो राखाडीच येतो.

चढायची वाट पश्चिमेच्या बाजूने, एका बाजूने एक मैल म्हणजे 1.6 किलोमीटर. माथा समुद्रसपाटीपासून 1,686 फूट, भोवतालच्या जमिनीपासून 825. सिंहगड चढणाऱ्याला किरकोळ, पण पर्वतीएवढं सोपं समजू नका. पायऱ्या नाहीत, उघडा ग्रॅनाइट आहे. शेवटचा टप्पा सर्वांत उभा, तिथे लोखंडी कठडे आहेत. पाऊस पडून गेला असेल तर कातळ साबणासारखा होतो. तळ झिजलेले बूट आणि चपला दोन्ही नकोत. वरच्या भागात झाड नाही आणि दुपारी दगड तव्यासारखा तापतो, म्हणून आठच्या आत चढायला लागा, पाणी खालूनच घ्या.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी केबल कार आहे, पण इथेच बेत फसतो. जॉर्जियात उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट ठरलेला, आणि वारा किंवा विजा आल्या की केबल कार थांबते. आईला वर घेऊन गेलात आणि ती बंद पडली, तर तोच उभा टप्पा उतरावा लागतो. म्हणून वर जायचं ते सकाळी, आकाश पाहून.

माथ्यावर उथळ खळगे दिसतील, काहींत पाणी, काहींत हिवाळ्यापासून वसंतापर्यंत लालभडक बुटकी रोपटी. ती डायमॉर्फा. चिमूटभर मातीत जगणारी ही वनस्पती अशा उघड्या कातळांवरच वाढते. खळग्यात पाय देऊ नका. सप्टेंबरात पिवळी डेझी फुलते तेव्हा कासच्या पठाराची आठवण हटकून येते, विस्तार अर्थात फार लहान. वाटेवर दगडात कोरलेली नावंही दिसतील, कित्येक शंभर वर्षांपूर्वीची. म्हणजे बदाम-बाण ही काही फक्त आपल्या गडांवरची खोड नव्हे.

पार्किंग गाडीमागे 20 डॉलर, माणशी नाही, तेव्हा दोन कुटुंबांनी एकच मिनीव्हॅन काढावी. वर्षाचा पास 40. हायवे 78 च्या एक्झिट 8 वरून आत शिरलात की जीपीएस 'रॉबर्ट ई. ली बुलेव्हार्ड' म्हणायला लागतं, आतल्या रस्त्यांनाही याच तिघांची नावं आहेत. हे पैसे कुठे जातात, असं कुणी टोकलं तर आपण सगळेच ठरलेलं उत्तर देतो: घराजवळ एवढा मोठा उघडा कातळ दुसरा नाही, कठडे आहेत, स्वच्छतागृहं आहेत, आई-बाबांना झेपतं. उत्तर खरं आहे, पण पुरतं नाही. पैसे द्यायचे नसतील तर स्टोन माउंटन गावातून पश्चिमेच्या फाटकाने चालत आत या, पायी येणाऱ्याला गाडीचं शुल्क नाही.

बाबांना खेळाची आवड असेल तर आणखी एक सांगा. 1996 च्या ऑलिंपिकचं टेनिस याच बागेच्या कडेला झालं. 3 ऑगस्टला लिअँडर पेसने इथेच कांस्यपदक घेतलं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत मिळवलेल्या कांस्यानंतर भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक, मध्ये 44 वर्षं. ते स्टेडियम नंतर पडीक राहिलं आणि पाडून टाकलं. ते पाडायला कुठला कायदा आडवा आला नाही.

परतताना गावात अर्धा तास काढा. गावाची बहुसंख्य वस्ती आता कृष्णवर्णीयांची आहे. 1997 मध्ये चक बरिस इथले पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, आणि ते राहत होते ते घर पूर्वी जेम्स व्हेनेबलचं होतं, म्हणजे क्लॅनच्या एका बड्या म्होरक्याचं.