भांडणाने राखलेली वंशावळ

आमच्या घराण्यातली सर्वांत जुनी नावे ज्या कागदावरून कळली, तो कागद भाऊबंदांच्या भांडणाचा आहे. सीनाकाठच्या आमच्या मूळ गावी पाटीलकीचे वतन होते आणि आदिलशाहीत थोरल्या व धाकट्या घरांत वडीलपणावरून वाद पेटला. पहिला विडा कोणाचा, पोळ्याला बैल आधी कोणाचा निघणार, होळीत पहिली पोळी कोणी टाकायची, असे ते मानपान होते. आज ही कारणे क्षुल्लक वाटतील, पण त्या काळी गावातले स्थान याच गोष्टींवर ठरत असे, आणि म्हणूनच हा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, गेला व त्याचा महजर, म्हणजे लेखी निवाडा, झाला.

महजरात आधी हाजिर मजालस, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची यादी, येते: देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, शेजारगावांचे मोकदम (पाटील) आणि बारा बलुते. मग दोन्ही पक्ष आपापला करीना, म्हणजे हकिकत, सांगतात, आणि शेवटी निवाडा व निशाण्या असतात. वंश शोधणाऱ्याच्या दृष्टीने खरे धन करिन्यात असते. आपले घर वडील आहे हे शाबीत करायचे, तर मूळ पुरुषापासून पिढ्या सांगाव्याच लागतात, आणि साक्षीदार समोर बसलेले असल्यामुळे पदरची नावे घालण्याची सोय नसते. आमच्या कागदात दोन्ही घरांनी चार-चार पिढ्या सांगितल्या आहेत आणि वरच्या दोन नावांवर दोघांचे एकमत आहे. एरवी कशावरच न पटणारे दोन पक्ष ज्या नावावर एक होतात, ते नाव खरे, असे मी धरून चालतो. या कामात याहून भक्कम पुरावा क्वचितच हाती लागतो. ज्या घरांत वाटण्या गुण्यागोविंदाने झाल्या, त्यांचे पूर्वज मात्र बहुतेक कागदाबाहेरच राहिले.

कागद मोडीत आहे, अक्षर लपेटीचे आहे आणि काही ओळी कसरीने खाल्ल्या आहेत. सुदैवाने तारखेची ओळ शाबूत आहे. साल ‘इसने अशर अलफ’ असे अरबी संख्येत दिले आहे, म्हणजे दोन, दहा आणि हजार मिळून सुहूर सन 1012. सुहूर ही त्या काळच्या कागदांतली कालगणना; तिचे वर्ष मृग नक्षत्राला, मे-जूनच्या सुमारास, सुरू होते, त्यामुळे त्यात 599 मिळवले की मृगापासून पुढचे इसवी साल निघते आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवावे लागतात. म्हणजे हा निवाडा 1611-12 मधला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला. तेथून चार पिढ्या मागे गेले की आमचा मूळ पुरुष साधारण 1500 च्या आसपास, बहमनी राज्य मोडून त्याचे तुकडे पडत होते त्या काळात, येऊन ठेपतो.

खालची साखळी जोडणे त्या मानाने सोपे होते. सातबारा आणि फेरफारांवरून पणजोबांपर्यंत, जुन्या हक्कनोंदणीवरून त्यांच्या वडिलांपर्यंत जाता आले. गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे घरोघरी माहीत झाले आहे. त्यातून काही मृत्यूची साले मिळाली. त्यामागे इनामे-वतने तपासायला इंग्रजांनी 1852 साली नेमलेल्या इनाम कमिशनच्या चौकशीत वतनदारांनी दिलेल्या जबान्या आणि वंशावळी होत्या, आणि त्याही आधीचा धागा पुण्याच्या पेशवे दप्तरात सापडला.

खरी अडचण नावांची होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. त्यामुळे ‘संताजी बिन राणोजी’ (राणोजीचा मुलगा संताजी) आणि ‘राणोजी बिन संताजी’ अशी जोडी पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येते, आणि कोणता संताजी कोणाचा मुलगा हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही. अशा ठिकाणी दोन पिढ्या एकच मानल्या जातात किंवा एकाच माणसाची दोन माणसे होतात. आम्ही नावासोबत जमिनीचा तुकडा, सनदेची तारीख आणि भावांची नावे लावून पाहिली. तिन्ही जुळली तरच पिढी पक्की धरली. अठराव्या शतकाच्या आरंभी एक जागा अशी आहे की तिथे एक पिढी आहे की दोन, याचा निकाल अजून लागलेला नाही. तक्त्यात ती जागा रिकामीच ठेवली आहे.

या कागदाने आणखी एक उपकार केला. निवाड्याखाली पाटलाचा नांगर, महाजनाचा तराजू, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी अशा निशाण्या आहेत आणि प्रत्येकीजवळ त्या माणसाचे व त्याच्या बापाचे नाव आहे. आमच्या गावातून गिरण्यांच्या काळात सोलापुरात आलेले एक परीट कुटुंब आजही आमच्या ओळखीचे आहे. वतनाची भांडणे त्यांच्या घरात कधी झाली नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कागद नाही. पण गावात परिटाचे घर एकच होते, तेव्हा मोगरीजवळचा तो माणूस त्यांचाच पूर्वज असण्याचा संभव मोठा आहे. त्या घरातल्या काकांना मी ती निशाणी दाखवली तेव्हा त्यांनी मोबाइलवर तिचे चित्र मोठे करून बराच वेळ पाहिले, आणि मग त्यांच्या आजोबांचे नावही तेच होते असे सांगितले. गावचा एक महजर हा केवळ पाटलाच्या घराचा दस्तऐवज नसतो, हे मला त्या दिवशी पटले.

1500 च्या पलीकडे मात्र कागद साथ सोडतो. तिथे उरतात ते हेळवी. नंदीबैल घेऊन सुगीनंतर येणारे, घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवणारे आणि नव्या जन्मांची नोंद करून धान्य व कापड घेऊन जाणारे हे लोक कर्नाटकाच्या सीमेवरच्या आपल्या भागात अजून दिसतात. आमच्या हेळव्याने सांगितलेल्या पिढ्या महजरापर्यंत बऱ्याचशा जुळतात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्याच्या सांगण्यानुसार मूळ पुरुष दुर्गादेवीच्या दुष्काळानंतर ओस पडलेले गाव वसवायला आला. हा दुष्काळ परंपरेने 1396 पासून बारा वर्षांचा मानतात. तो आणि महजरातला मूळ पुरुष यांच्यामध्ये सुमारे शंभर वर्षे आहेत आणि ती भरायला एकही नाव नाही.

चुलत्यांची इच्छा होती की तिथून पुढे आपले नाते देवगिरीच्या यादवांशी जोडावे, कारण छापील कुळवृत्तांतांतून तसेच करतात. मी त्यांना नम्रपणे नकार दिला. यादवकाळापर्यंत जायचे तर आपल्यापासून मागे पंचवीसेक पिढ्या मोजाव्या लागतात आणि विसाव्या पिढीतच माणसाचे पूर्वज हिशेबाने 10,48,576 होतात. तेवढी वेगळी माणसे अर्थातच नसतात; आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे आणि सोयरिकी चार कोसांत होतात, म्हणून तेच पूर्वज पुनःपुन्हा येतात. तरीही त्या गर्दीतून एकच राजघराणे उचलून बाकी सर्वांना पुसून टाकणे मला पटत नाही.

त्या काळातली साधी माणसे आपल्या सोलापूर जिल्ह्यात नावानिशी भेटतात. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात 1273 ते 1277 या वर्षांतल्या देणगीदारांची यादी आहे. रामचंद्रदेव यादव आणि हेमाडपंतांसोबत साध्या भक्तांची नावेही तिथे आहेत. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा लेख आहे. ‘वाछि तो विजेयां होईवा’ (वाचील तो विजयी होईल) ही त्यातली ओळ जुन्यात जुन्या मराठीपैकी आहे. ती कोरणाऱ्याशी आमचे रक्ताचे नाते असेलही. पण ते दाखवणारा दुवा नाही, म्हणून आमच्या तक्त्यात 1500 च्या वर रेघ तुटक आहे आणि तिच्या शेजारी फक्त दुष्काळाची हकिकत लिहिली आहे.

तक्त्याची दुसरी उणीव मला जास्त खुपते. चौदा-पंधरा पिढ्यांत बायकांची नावे पणजीपलीकडे जवळजवळ नाहीत. पुरुषांच्या वडीलपणाच्या वादात त्यांचे नाव घेण्याचे कोणाला कारण पडले नाही. म्हणून आता आईच्या माहेराकडे वळलो आहे. मंगळवेढा तालुक्यात मामांच्या माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, ठेवलेला आहे. दमट हवेत तो सोडायचा नाही, दिवाळीनंतर सोडायचा, असे ठरले आहे. मामा सांगतात की त्या घरातल्या एका विधवेने दत्तक घेण्याच्या हक्कासाठी दिरांविरुद्ध दाद मागितली होती आणि तो खटला पुण्यापर्यंत गेला होता. ते कागद त्या रुमालात असतील, तर त्यात तिचे नाव सापडलेच पाहिजे, कारण फिर्यादी तीच होती.